दोन साडू, एक गाडी आणि दोन ॲव्हरेज

आमच्या दोन्ही दाजींकडे एकच गाडी आहे. भागीदारीत नव्हे, कंपनी तीच, मॉडेल तेच, दोन्ही स्ट्राँग हायब्रिड आणि रंगही पांढराच. धाकट्या दाजींनी शिक्रापुरात आधी घेतली. सहा महिन्यांनी पाटसच्या थोरल्या दाजींनी घेतली, कारण साडूने घेतली होती. भाऊबिजेला दोघे आमच्याकडे न्हावऱ्याला आले आणि फराळ संपायच्या आत बोलणे ॲव्हरेजवर गेले.

धाकटे म्हणाले, "चोवीस."

थोरले म्हणाले, "माझी अठराच्या वर जाईना. पाव्हणं, मीटर बघून सांगताय का मनानं?"

धाकट्यांनी त्यांना अंगणात नेऊन मीटर दाखवला. २४.१. थोरले बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे माझ्याच गाडीत खोट निघाली."

खोट गाडीत नव्हती. हायब्रिडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्या दिवशी आमच्या अंगणात उभा होता, तो असा की ही गाडी सगळीकडे सारखेच पेट्रोल वाचवते.

धाकट्या दाजींची रोजची वाट नगर रोडची. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद आणि मग वाघोली. सकाळी साडेनऊला वाघोलीत गाडी चालत नाही, सरकते. साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन तिथे उभ्या उभ्या पेट्रोल पिते. हायब्रिडचे इंजिन तेव्हा बंद असते. दहा फूट पुढे सरकायचे काम विजेची मोटर करते. ब्रेक दाबला की तीच मोटर जनरेटरचे काम करून थोडी वीज बॅटरीत परत टाकते. साध्या गाडीत ब्रेक दाबून जे वाया जाते, त्यातले काही इथे परत मिळते. म्हणून ज्या गर्दीला नगर रोडचा प्रत्येक माणूस शिव्या देतो, त्याच गर्दीत हायब्रिड आपली किंमत वसूल करते.

थोरल्या दाजींची वाट सोलापूर हायवेची. त्यांचे गुऱ्हाळ आहे, उधाऱ्या टेंभुर्णीपर्यंत पसरलेल्या आहेत. पाटसला हायवेवर चढले की कुरकुंभ, भिगवण, इंदापूर, काटा एकशेदहावर. ब्रेक क्वचित लागतो, म्हणजे परत मिळवायला वीजच नाही. बॅटरी इतकी लहान की त्या वेगाला तिचा आधार मिनिटांपुरता. सगळे ओझे इंजिनवरच येते. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीवरून एकशेदहावर गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. इंजिन काटकसरीचे असल्याने हायब्रिड तिथेही साध्या पेट्रोल गाडीच्या थोडी पुढे राहते, पण थोडीच.

"मग ते २७.९७ कुठून आलं?" हा थोरल्यांचा पुढचा प्रश्न. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ साली आलेल्या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी कंपन्यांनी लिटरला २७.९७ किलोमीटर हाच आकडा जाहीर केला होता. तो खोटा नाही, पण तो रस्त्यावरचाही नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर ठरलेल्या चालीने चालवून तो काढतात. त्या चालीचे इंग्रजी नाव आद्याक्षरांनी एमआयडीसी असे होते. आमच्याकडे एमआयडीसी म्हटले की रांजणगाव नाहीतर कुरकुंभ. ही तिसरी एमआयडीसी, आणि तिच्यात ना ट्रेलर ना खड्डे. तिथला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ. एकशेदहाने इंदापूरला जाणाऱ्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही.

थोरल्या दाजींना मग मी कागदावर हिशेब करून दिला. आकडे आमच्या घरचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले. तेवढ्याच आकाराची साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी वाघोलीच्या गर्दीत १२ देईल, हायवेला १५. हायब्रिडसाठी जास्तीचे ३ लाख मोजले असे समजू. धाकट्यांचे किलोमीटरमागे सव्वाचार रुपयांच्या वर वाचतात. महिन्याला १,८०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ९३ हजार. सव्वातीन वर्षांत जास्तीचे पैसे फिटले. थोरल्यांचे किलोमीटरमागे वाचतात १ रुपया १५ पैसे, महिन्याला फिरणे १,००० किलोमीटर, वर्षाला जेमतेम १४ हजार. त्यांचे ३ लाख फिटायला एकवीस-बावीस वर्षे. तोवर आज अंगणवाडीत जाणारा त्यांचा नातू गाडी चालवत असेल.

कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

चार्जिंगचा गैरसमज मात्र थोरल्यांचा नव्हता, त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. वस्तीवर गाडी आली त्या दिवशी एकाने विचारले, "लाइट गेल्यावर कशी चार्ज करणार?" या गाडीला चार्जिंगची पिनच नसते. तिची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तेवढ्या विजेवर पाच एचपीची मोटर बारा मिनिटे चालेल, एक वाफाही भिजणार नाही. नेक्सॉन इव्हीची लहान बॅटरीसुद्धा ३० युनिटची, म्हणजे हिच्या जवळजवळ चाळीसपट. हायब्रिडची बॅटरी साठा करण्यासाठी नसतेच. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने द्यायचे, एवढेच तिचे काम. त्यामुळे सिग्नलला एसी चालू असताना काही मिनिटांनी इंजिन आपोआप सुरू झाले तर घाबरू नये. बॅटरी उतरली, इंजिन ती भरते आहे. दौंडच्या कुरकुंभ मोरीत अडकलेल्या प्रत्येक नव्या हायब्रिडवाल्याला पहिल्यांदा वाटते की गाडी बिघडली.

नाव हायब्रिड म्हणजे माल हायब्रिड, हाही एक घोटाळा. वर्षानुवर्षे मागच्या दारावर "स्मार्ट हायब्रिड"चे बिल्ले लावलेल्या गाड्या विकल्या गेल्या. त्या माइल्ड हायब्रिड. अशा गाडीची छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. ग्रँड विटारात दोन्ही प्रकार मिळाले. माइल्डचा जाहीर आकडा मॅन्युअलला २१.११, स्ट्राँगचा २७.९७. चारही चाकांना ओढ देणारी ऑल व्हील ड्राइव्ह मात्र माइल्डमध्ये, स्ट्राँगमध्ये नाही. स्ट्राँग हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालते. पावसाळ्यात उसाच्या फडापर्यंत, काळ्या रानातून गाडी न्यायची असेल तर एसयूव्हीच्या उंचीवर भुलू नका. आपला रस्ता भीमा-घोडच्या काठच्या चिखलाचा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. आणि डिकी? स्ट्राँगमध्ये बॅटरीने तिथली जागा खाल्लेली आहे. थोरल्यांच्या गुळाच्या ढेपा तिथे मावत नाहीत, आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या अक्काची, त्यावरची टीका मी इथे लिहीत नाही.

आता बॅटरीचे भय. "पाच वर्षांत बॅटरी जाते, मग घाला लाख-दोन लाख." टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातले जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. गाडी ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी तळाला जाऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. म्हणून ती टिकते. हे तंत्र नवेही नाही. टोयोटाची पहिली प्रियस जपानात १९९७ साली आली. वॉरंटी संपल्यावर बॅटरी गेली तर खर्च मोठा, हे खरेच, म्हणून १ लाख ४० हजार फिरलेली जुनी हायब्रिड स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका. आणि एक घरगुती काळजी: या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधून, मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून खेचली जाते. जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. आमच्या धुराळ्याच्या भागात ती जाळी तुंबते. तिच्यावर गोण्या, घोंगड्या टाकू नका, आणि सर्व्हिसिंगला ती साफ करा म्हणून तोंडाने सांगा.

खरा दगा मोठी बॅटरी देत नाही, छोटी देते. या गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, दिवे, लॉक आणि सगळी यंत्रणा जागी करायला. गेल्या हंगामात गुऱ्हाळ रात्रंदिवस चालू होते, थोरले दाजी ट्रॅक्टर सोडून कशावर बसले नाहीत, गाडी शेडमध्ये महिनाभर तशीच. एका सकाळी बटण दाबले तर सगळा अंधार. दाजींनी चुलवाणावरचे चार गडी बोलावले आणि धक्का मारायला लावला. गाडी शेडच्या टोकाला गेली, तिथून परत मागे आणली, पुन्हा धक्का. गडी घामाघूम, गाडी गप्प. ती धक्क्याने सुरू होणारच नव्हती: तिला क्लच नाही, नेहमीचे गिअर नाहीत, चाके फिरवून इंजिन फिरत नाही. मग दाजींनी ट्रॅक्टरला दोर बांधायला घेतला. तेवढ्यात भाच्याने मॅन्युअल उघडले आणि ओरडला, "आबा, ओढू नका!" पुढची चाके जमिनीवर ठेवून ही गाडी ओढली की चाकांना जोडलेली मोटर फिरते आणि नुकसान होऊ शकते, न्यायची तर पुढची चाके उचलून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवूनच. शेवटी दुसऱ्या गाडीची बॅटरी वायरने जोडली आणि पाच मिनिटांत "रेडी"चा दिवा लागला. चूक गाडीची नव्हती. आता दर आठवड्याला अक्का ती अर्धा तास सुरू ठेवते, आणि दाजींना ते आवडत नाही.

गावातला मिस्त्री या गाडीला हात लावू शकत नाही, असेही ऐकू येते. ऑइल, फिल्टर, टायर, सस्पेन्शन यांत निराळे काही नाही, आणि ब्रेकचे बरेच काम मोटर करत असल्याने पॅड उलट जास्त टिकतात. फक्त बॉनेटखाली जाड नारिंगी वायरी दिसतात, त्यांत जीवघेण्या दाबाची वीज असते. तिथे कंपनीच्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाचा हात जाऊ नये, गाडी धुताना तुमचाही नाही. पावसात शॉक लागतो ही मात्र अफवा. यंत्रणा बंदिस्त असते आणि बिघाड होताच वीज तोडते. पुराच्या पाण्यात गाडी घालू नये ते इंजिनासाठी, आणि ते कुठल्याही गाडीला लागू.

सवलतींबद्दल तर व्हॉट्सॲपने कहर केला आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, व्हिडिओ शिरूरपर्यंत फिरला आणि लोक शोरूममध्ये "आपल्याकडं किती सूट?" विचारू लागले. महाराष्ट्रात ती माफी नाही. इथे हायब्रिडला पेट्रोल गाडीचाच रोड टॅक्स. हिरवी नंबरप्लेट नाही. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवरची टोलमाफी निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना, आणि पाटसच्या टोलनाक्यावर तर त्यांनाही ती नाही. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवर ४३ वरून ४० टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्के आहे. सरकारच्या लेखी ही पेट्रोलचीच गाडी.

आणि त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, म्हणजे आमच्याच भागातल्या उसाचा अंश. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. ते हायब्रिडचेही उतरते. थोरले दाजी याबद्दल तक्रार करत नाहीत, कारण तो ऊस त्यांचाही असतो. २९ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत नितीन गडकरींच्या हस्ते इथेनॉलवरही चालणारी हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस दाखवली गेली, तेव्हापासून ते तिची वाट बघताहेत. गंमत अशी की जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन आमच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनतात आणि हायरायडर येते कर्नाटकातल्या बिडदीहून.

घ्यायची असेल तर एक करा. शोरूमवाला त्याच्या दुकानाभोवती रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून आणतो, ती टेस्ट ड्राइव्ह समजू नका. नगर रोडचे असाल तर सकाळी साडेनऊला वाघोलीतून गाडी नेऊ द्या म्हणा, दौंडकडचे असाल तर पाटस ते भिगवण आपल्या नेहमीच्या वेगाने, आणि सुरुवातीला मीटर शून्यावर लावून घ्या. धाकट्या दाजींनी आणखी चार वर्षे ठेवावी, थोरल्यांनी साधी पेट्रोल घ्यायला हवी होती, हे माझे मत मी दोघांनाही सांगितले आहे. फक्त नगर रोडवर पुण्याहून शिरूरपर्यंत उन्नत रस्ता व्हायचा आहे. तो झाला आणि वाघोलीची गर्दी खाली राहिली, तर धाकट्यांचे चोवीसही खाली येईल, हे मी अजून त्यांना सांगितलेले नाही.