तेल उशाला, कोरड टाकीला

धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आपल्याकडे पाण्याची. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियात ती तेलाला लागू पडते. १९५६ साली तिथे ओलोइबिरी गावाजवळ तेल सापडले आणि देश मोठा तेल उत्पादक झाला. तरी पेट्रोलपायी तिथल्या शेतकऱ्याने कपाळाला हात लावला.

झाले असे, की सरकार वर्षानुवर्षे पेट्रोलवर अनुदान देत होते. २०२२ साली हा बोजा चार लाख कोटी नायरांच्या वर गेला. स्वस्त पेट्रोल चोरट्या वाटेने शेजारच्या बेनिन, कॅमेरूनमध्ये जाई. म्हणजे अनुदान नायजेरियाचे आणि टाकी भरायची शेजाऱ्याची! २९ मे २०२३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतानाच बोला टिनुबू यांनी अनुदान संपल्याचे जाहीर केले. लागोसमध्ये लिटरला १८५ नायराच्या आसपास मिळणारे पेट्रोल दोन-तीन दिवसांत ४८८ वर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते हजाराला भिडले.

जमिनीत तेल असताना हे कसे? तर कच्चे तेल काही टाकीत ओतता येत नाही. ऊस आहे पण कारखाना बंद, तशी गत. पोर्ट हार्कोर्ट, वारी, कडुना इथले सरकारी शुद्धीकरण कारखाने बंद पडलेले. त्यामुळे कच्चे तेल बाहेर जायचे आणि पेट्रोल बाहेरून यायचे. त्यात जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर सोडला. नायरा घसरला, आयात आणखी महागली.

फटका शेतीला दुहेरी बसला. उत्तरेकडे नदीकाठच्या भाजीपाल्याला पाणी देणारी छोटी इंजिने पेट्रोलवर चालतात. पाणी महागले. कानोकडचा टोमॅटो लागोसला न्यायचा तर हजार किलोमीटरची वाट. भाडे वाढले. टोमॅटो काही थांबत नाही, म्हणून शेतकऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. जून २०२४ मध्ये अन्नधान्याची महागाई ४० टक्क्यांवर गेली. नोकरदाराचे किमान वेतन जुलै २०२४ मध्ये ३० हजारांवरून ७० हजार नायरा झाले. पण शेतकऱ्याला कुठले आले वेतन?

अनुदान काढणे चुकले, असे म्हणता येणार नाही. गळक्या हंड्यात किती दिवस पाणी भरणार? चुकला तो क्रम. लागोसजवळ लेक्की येथे डांगोटे यांचा प्रचंड खासगी कारखाना उभा राहत होता. त्याचे पेट्रोल बाजारात आले सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षानंतर. नवे छप्पर घालण्याआधीच जुने उतरवले, आणि पावसाळा तोंडावर!

आपल्याकडे जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला ४०-५० पैशांनी वाढत गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये, जगात तेल उतरत असताना, नियंत्रण उठले. झळ आपल्यालाही लागली, पण एका रात्रीत नाही.

म्हणून कुठलेही अनुदान बंद होणार म्हटले, की गावाने दोन प्रश्न विचारावेत. वाचलेला पैसा कुठे जाणार? आणि पर्यायी सोय आधी होणार की नंतर? दुसऱ्याचे उत्तर ‘नंतर’ असेल, तर मधल्या काळाचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो, हे नायजेरियाने दाखवून दिले आहे.