शनिवारवाडा पाहावा कसा?



वळसंग व आसपासच्या खेड्यांत वाढलेल्या आपणां बहुतेकांस माळवदाच्या घरांची संवय असते. त्यामुळें पुण्याचा शनिवारवाडा पाहावयास निघालेला मुलगा मनांत कांहीं निराळेंच चित्र घेऊन जातो. तेथें दरवाजा ओलांडतांच त्याच्यापुढें हिरवळ आणि दगडी जोतीं येतात, व तो म्हणतो, "येथें तर कांहींच नाहीं!" मीही पहिल्या खेपेस असाच पाव तासांत बाहेर पडलों. बरोबर वाटाड्या नव्हता, हें निमित्त मीं पुढें केलें; खरें म्हणजे पाहण्याची रीत मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या खेपेस माहिती वाचून गेलों, तेव्हां दोन तासही अपुरे पडले. ती रीत येथें सांगतों.

प्रथम बाहेर उभे राहा. थोरल्या बाजीरावांनीं या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. दोन्ही दिवस शनिवारच होते. खर्च १६,११० रुपये आला. जुन्नरच्या रानांतून सागवान, चिंचवडच्या खाणींतून दगड व जेजुरीकडून चुना आला. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे, हें लक्षपूर्वक पाहा. तटाला पांच दरवाजे आहेत. उत्तरेकडचा सर्वांत मोठा, तो दिल्ली दरवाजा.

आतां या दरवाजाजवळ जा. फळ्यांवर लांब, अणकुचीदार सुळे बसविले आहेत. हत्तीनें मस्तकाची धडक देऊन दार फोडूं नये, म्हणून ही योजना. थोरल्या दारांतच एक लहान दिंडी आहे. तिच्यांतून एका वेळीं एकच मनुष्य जाऊं शकतो, आणि तोही वांकून. आंत शिरल्यावर वाट सरळ न जातां वळते. कारण धांवत आलेल्या शत्रूचा वेग तेथें मोडावा. वर नगारखाना आहे.

पुढें जोतीं लागतात. येथेंच पुष्कळांची निराशा होते. म्हणून थांबून विचार करा. जोतें दगडाचें, पण त्यावरचे खांब, तुळया व मजले लाकडाचे होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं वाड्यास आग लागली. जळालें तें लाकूड, उरला तो दगड. जोत्यांच्या कडेनें चालत गेलों असतां कोठें चौक होता, कोठें दालन होतें, याचा अंदाज पायांनाच येतो. हजारी कारंज्याच्या कमळाकृति हौदापाशीं उभे राहिलें, म्हणजे येथें पाणी खेळविण्याची हौस किती होती तेंही कळतें.

दक्षिणेच्या बाजूस नारायण दरवाजा आहे. नारायणराव पेशव्यांचें नांव त्यास मिळालें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं याच वाड्यांत गारद्यांनीं त्यांचा वध केला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें, व पेशवेपद मिळून वर्षही झालें नव्हतें. आपल्या शाळेंतून बाहेर पडणारा मुलगा त्याहून फारसा लहान नसतो.

येथें पुन्हां दिल्ली दरवाजाकडे वळून पाहा. ते सुळे, ती वळती वाट, तो उंच तट, सारें बाहेरच्या शत्रूसाठीं होतें. पण अठरा वर्षांच्या पेशव्यावर घाला आला तो पदरीं ठेवलेल्या शिपायांकडून. खडकीच्या लढाईनंतर, नोव्हेंबर १८१७ मध्यें, पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें, तेव्हांही या दरवाजापाशीं लढाई झाली नाहीं. दार कितीही भक्कम असो, घरांतील माणसांचा एकमेकांवर विश्वास नसेल तर तें घर राखूं शकत नाहीं. हें कोणी वाटाड्यानें मला सांगितलें नाहीं; दरवाजा आधीं व जोतीं नंतर, या क्रमानें पाहिल्यावर तें आपोआप उमगलें.

तेव्हां मुलांनो, सोलापुराहून आगगाडीनें पुण्यास जाल तेव्हां घाई करूं नका. जाण्यापूर्वीं चार पानें वाचा, सनावळी वहींत लिहून घ्या, आणि जोत्यांवर चढूं नका, दगडांवर नांवें कोरूं नका. पालकांसही विनंती कीं, त्यांनीं मुलांबरोबर अवश्य जावें व मुलांनाच वाटाडे होऊं द्यावें.