पाळी, इन्सुलिन आणि पुदिन्याचा चहा

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात निरोगी बाईचं रक्त तपासलं, तर त्यातलं प्रोजेस्टेरॉन सहसा मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. तिच्याच अंडाशयातून स्त्रीबीज सुटल्यानंतर आठवड्याभराने पुन्हा रक्त घ्या, आकडा दहाच्या पुढे गेलेला सापडू शकतो. कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक महिन्याच्या पूर्वार्धात साधारण तास-दीड तासाला उसळी घेऊन बाहेर पडतं. हे सगळे चढउतार प्रकृती ठणठणीत असल्याची खूण आहेत. मग ‘हॉर्मोन बॅलन्स’ असं छापलेल्या डब्यातल्या पावडरीने यातला कोणता आकडा कुठे नेऊन ठेवायचा असतो? डबा याचं उत्तर देत नाही, आणि माझ्या मते तिथेच त्याची परीक्षा होते. कोणतं संप्रेरक आणि कोणत्या वाटेने, एवढं विचारलं की बरीचशी दुकानदारी उघडी पडते.

असे डबे घेणाऱ्यांत पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असलेल्या मुली पुष्कळ असतात. आपल्याकडे त्याला सर्रास पीसीओडी म्हणतात. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. आज जगातल्या साधारण दहा ते तेरा टक्के प्रजननक्षम स्त्रियांना हा त्रास असल्याचं मानतात. निदान मात्र वाटतं तितकं सरळ नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. निदानाचे ‘रॉटरडॅम’ नावाने ओळखले जाणारे निकष लावले तेव्हा प्रमाण २२.५ टक्के निघालं. पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक अनिवार्य मानणारे दुसरे, कडक निकष लावले तेव्हा त्याच मुलींमध्ये ते १०.७ टक्क्यांवर आलं. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठीं’नी आईची झोप उडते, त्याही खऱ्या अर्थाने गाठी नसतात. वाढ अर्धवट राहिलेल्या स्त्रीबीजांच्या त्या पिशव्या असतात आणि वयात येणाऱ्या कित्येक निरोगी मुलींच्या अंडाशयात त्या दिसतात. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं उलटेपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

या दुखण्याचा एक मोठा धागा अंडाशयापासून दूर, स्वादुपिंडात आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. स्नायू बधिर झाले तरी अंडाशय बधिर होत नाही. त्या जादा इन्सुलिनने अंडाशयातल्या थीका पेशी चेतवल्या जातात आणि टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं अधिक बनवतात. त्याच वेळी यकृतात एसएचबीजी या प्रथिनाची निर्मिती घटते. एरवी टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवण्याचं काम हे प्रथिन करतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवर राठ केस, मुरमं, लांबलेली पाळी, सगळं त्यामागून येतं. सडपातळ मुलींमध्येही हे घडू शकतं, त्यामुळे ‘जरा वजन कमी कर’ हे सरसकट उत्तर सर्वांना लागू पडत नाही. ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे, त्यांच्यात मात्र पाच टक्के घट झाली तरी पाळी पुन्हा नियमित होऊ शकते.

रोजच्या जगण्यातून आपला हात पोचतो तो या इन्सुलिनपर्यंत. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या पेशींतले ग्लुट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या हुकमाची गरज पडत नाही. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालण्याला दाद देतो, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम वाढवणारा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा, असं प्रमाण साधारणपणे सांगितलं जातं. ‘घरकामातच व्यायाम होतो’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. ओट्यापाशी तासन् तास उभं राहिल्याने पाय दुखतात, दम फारसा वाढत नाही. आणि वाढवायचा म्हटलं तर तो तास घरातल्या दुसऱ्या कुणी ओट्यापाशी उभं राहून बाईला मोकळा करून द्यावा लागतो. डब्यांच्या जाहिरातीत हा मुद्दा कधी येत नाही.

झोपेचंही तसंच. अपुऱ्या झोपेने साखरेचं गणित कसं बिघडतं, हे दाखवणारा १९९९ चा गाजलेला प्रयोग अकरा तरुण पुरुषांवर झाला होता. बायकांची पाळी यायला बराच उशीर झाला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे चाळीस स्त्रियांची झोप सहा आठवडे रोज साधारण सव्वा ते दीड तासाने कमी केली, तेव्हा इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं. रजोनिवृत्ती झालेल्यांमध्ये ते आणखी जास्त होतं.

आहाराबद्दल एवढंच, की पीसीओएससाठी अमुकच आहार इतरांपेक्षा सरस, असा पुरावा नाही. भात की भाकरी या भांडणात मी पडत नाही. पण सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरणाऱ्या मैत्रिणींना एक सांगावंसं वाटतं: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट आहे म्हणून बरं.

आता पुड्या. इनॉसिटॉलला निदान ‘कोणत्या वाटेने’ या प्रश्नाचं उत्तर देता येतं. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवण्यात त्याचा भाग असतो. मायो आणि डी-कायरो या त्याच्या दोन रूपांचं चाळीसास एक असं मिश्रण बाजारात मिळतं. अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावा तोकडा, हवं तर विचार करावा, असा त्यावरचा मार्गदर्शक तत्त्वांचा सूर आहे. वजन आणि साखरेच्या तक्रारींसाठी मेटफॉर्मिनचं पारडं जड मानलं आहे. ‘केमिकल नको, नैसर्गिक हवं’ म्हणून मेटफॉर्मिन नाकारणाऱ्यांनी त्याचं कूळ पाहावं. युरोपातल्या गॅलेगा या रानवनस्पतीत साखर उतरवणारी ग्वानिडीन गटातली द्रव्यं असतात, पण ती विषारीही असतात. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये बनवलं गेलं आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये मधुमेहावरचा त्याचा गुण जाहीर केला.

पुदिन्याच्या चहाची गोष्ट मजेदार आहे. इंग्लंडमधल्या ४१ स्त्रियांच्या चाचणीत, २०१० मध्ये, महिनाभर दिवसातून दोनदा हा चहा घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरंच उतरलं. आपले अनावश्यक केस कमी झाले, असं त्यांना स्वतःलाही वाटलं. डॉक्टरांनी मोजले तेव्हा मात्र फरक नव्हता. एका केसाचं आयुष्य महिन्यापेक्षा बरंच मोठं असतं, त्यामुळे महिनाभराच्या चाचणीत ते दिसणार तरी कसं! मोठी आणि लांब चाचणी झाल्याशिवाय यावर निकाल देता येणार नाही. तोवर प्यायला हरकत काहीच नाही, चव छान आहे.

जवस-भोपळ्याच्या बिया पंधरा दिवस आणि तीळ-सूर्यफुलाच्या पुढचे पंधरा, या ‘सीड सायकलिंग’ला मात्र भक्कम आधार नाही. जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्यात कॅलेंडर न बघता खातात, तशीच खावी.

ज्या वनस्पतींचा खरोखर परिणाम होतो, त्यांना औषधाइतकंच वचकून राहायला हवं. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. अश्वगंधा थायरॉइड संप्रेरकांची पातळी चढवू शकते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातूनही आलेल्या आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी गैरसमजाने रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जातं.

दोन पाळ्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडत असेल, तर पुड्यांचे प्रयोग बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. प्रोजेस्टेरॉनच्या अभावी गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टरांना थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायचा असेल, तर केस-नखांसाठी चालू असलेल्या बायोटिनच्या गोळीचाही उल्लेख करावा. शरीराला दिवसाला सुमारे तीस मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. या गोळ्यांत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. कित्येक लॅबमधल्या चाचण्या बायोटिनच्याच रासायनिक पकडीवर चालतात, त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येऊ शकतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवायची असते, आणि हे लॅबमधून सहसा कुणी आपणहून सांगत नाही.