पोटातली आग : रक्त तपासावे, शौच की श्वास?

पेरणीच्या दिवसांत सकाळी नुसता चहा, दुपारी धुऱ्यावर भाकर-ठेचा आणि रात्री उशिरा जेवण. मग छातीखाली आग पेटते. घरचे म्हणतात, "तिखट कमी खात जा." खारपाण पट्ट्यातला माणूस खाऱ्या पाण्याला दोष देतो. बहुतेक जण मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणतात. दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

तिखटाने जळजळ वाढते हे खरे. पण अल्सरच्या मागे पुष्कळदा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो शोधून काढला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखविली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच लागतो. पुष्कळांच्या पोटात तो असतो, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. त्या थोड्यांत अल्सर असतात, आणि क्वचित जठराचा कर्करोगही.

आता तपासणीचे पाहू. रक्ताची तपासणी स्वस्त न् सोपी, म्हणून तीच जास्त होते. पण ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. जंतू मेल्यावरही ही प्रतिद्रव्ये महिनोन्‌महिने रक्तात राहतात. टायफॉइडच्या विडाल तपासणीतही असाच घोळ होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून सरपंच व ग्रामसेवक मंडळींना सांगणे, की गावच्या शिबिरात कोणी या जंतूसाठी सरसकट रक्त तपासू म्हणाले, तर आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा.

शौचाची अँटिजेन तपासणी त्याहून कितीतरी भरवशाची, कारण तिच्यात जंतूचाच अंश सापडतो. लाज वाटते म्हणून माणसे ती टाळतात, पण लाजेपायी अल्सर बाळगण्यात काय शहाणपण? नमुना ताजा हवा. तेल्हारा किंवा धारणीहून एसटीने उन्हात न्यायचा असेल, तर तो थंड कसा ठेवायचा हे लॅबवाल्याला आधीच विचारून घ्या.

श्वासाची तपासणीही तितकीच चांगली. उपाशीपोटी युरियाची गोळी किंवा पाणी देतात. जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि श्वासातून त्याची खूण मिळते. मात्र ही सोय मोठ्या शहरातच. त्यातला एक प्रकार किंचित किरणोत्सारी असतो, म्हणून गरोदर बाईने तसे आधी सांगावे.

आता सगळ्यात मोठी चूक. रोजची ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी गोळी चालू ठेवून शौच वा श्वास तपासला, तर जंतू दबून राहतो आणि अहवाल "नाही" येतो. पैसे गेले, दुखणे तिथेच! डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे आधी बंद करावी. अँटिबायोटिक घेतले असेल तर चार आठवडे थांबावे. औषधोपचार संपल्यावर जंतू गेला की नाही हे पाहायलाही किमान चार आठवड्यांनी शौच किंवा श्वासच तपासावा, रक्त नव्हे. गोळ्यांचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा असतो. सातव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

पण काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काही असेल, तर वरच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. दुर्बिणीनेच पाहावे लागते. जठराचा बारीक तुकडा काढून त्यातला जंतूही तेव्हाच तपासता येतो. अकोल्याच्या सर्वोपचारला किंवा अमरावतीला जाताना आरोग्य केंद्राची चिठ्ठी घ्या आणि दुर्बिणीचा वार विचारून निघा. कंबरदुखीसाठी कोणत्या गोळ्या घेता, तेही डॉक्टरांना सांगा. दुखण्यावरच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. रक्ताची उलटी झाली, तर मात्र वार पाहू नका, त्याच घटकेला १०८ ला फोन करा.