आकड्या नसलेलं पीस

गेल्या रविवारी आमच्या घरी एका पिसाची आंघोळ झाली.

पीस शहामृगाचं होतं. पांढरं आणि माझ्या अख्ख्या हाताएवढं लांब. माझ्या आत्तेभावानं सहा वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतून अशी दोन पिसं आणली होती. तेव्हापासून ती दिवाणखान्यातल्या उंच बरणीत उभी होती आणि धूळ बसून बसून राखाडी झाली होती. भाचीला सुट्टी होती. तिला म्हटलं, चल, आज ह्यांना न्हाऊ घालू.

बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात बाळांच्या शाम्पूचे चार थेंब टाकले. पीस देठाशी धरून पाण्यात सोडलं आणि देठाकडून टोकाकडे हलकेच बोटं फिरवली. एकाच दिशेनं हं, उलटी नाही, आणि चोळायचं तर मुळीच नाही. पाणी चहासारखं झालं. मग पीस बाहेर काढलं आणि भाची किंचाळलीच.

"मावशी, मेलं ते!"

खरंच तसं दिसत होतं. एवढा मोठा फुललेला पिसारा कुठे गेला कोण जाणे! हातात उरली एक काडी आणि तिला चिकटलेल्या ओल्या सुतळ्या. पावसात सापडलेल्या मांजराची शेपटी जशी दिसते ना, अगदी तशी.

दोनदा साध्या पाण्यातून काढलं, टॉवेलमध्ये ठेवून नुसतं दाबलं, पिळलं नाही. मग देठाला धरून झटकत बसलो. पाच मिनिटं काहीच नाही. मग टोकाचा एक तंतू सुटला, शेजारचा सुटला, आणि बघता बघता पीस फुगायला लागलं. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा दिली. अर्ध्या तासात पीस आधीपेक्षाही गुबगुबीत! भाचीनं ते गालावर फिरवलं आणि बराच वेळ परत दिलंच नाही.

हे मेलेलं पीस जिवंत कसं झालं? ते कळायला तुम्हाला लागेल कबुतराचं पीस. गच्चीत, गॅलरीत कुठेही पडलेलं सापडेल. (बघून झाल्यावर हात साबणानं धुवायचे.) पिसाच्या मधोमध देठ असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तंतूंची सपाट पट्टी. ती पट्टी बोटांनी ओढून फाडा. भेग पडली? आता तिच्यावरून चिमटीनं एकदा हात फिरवा. भेग मिटली! दप्तराची चेन लावावी तशी. कारण प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू असतात, आणि त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या आकड्या असतात. ह्या आकड्या शेजारच्या तंतूच्या उपतंतूंमध्ये अडकतात. पक्षी चोचीनं पिसं साफ करताना दिसतो ना, तेव्हा तो हीच सुटलेली चेन लावत असतो. अशी घट्ट विणलेली पिसं असली की हवा आरपार जात नाही आणि पंख हवेला रेटू शकतो.

शहामृगाच्या पिसात तंतू आहेत, उपतंतूही आहेत, पण आकड्या नाहीत. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. प्रत्येक तंतू मोकळा, म्हणून ते इतकं मऊ, आणि फुंकर मारली तरी डोलणारं. बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीनं पिसांना लावतात. शहामृगाला ती ग्रंथीही नाही. त्यामुळे पाऊस आला की हा पक्षी नखशिखांत भिजतो, अगदी आमच्या बादलीतल्या पिसासारखा. पण तो राहतो आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर, आणि उडायचं तर त्यानं कधीच सोडलंय. अडीच मीटरहून उंच आणि शंभर किलोहून वजनदार पक्ष्याला आकड्या असूनही काय उपयोग झाला असता? त्याचे पाय मात्र ताशी ७० किलोमीटर वेगानं पळतात, आणि पळता पळता वळताना तोल सांभाळायला पंखच कामी येतात. ऊन तापलं की शहामृग पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. मादीला रिझवायचं असलं की काळा नर आपले पांढऱ्या पिसांचे पंख फडकावत गुडघे टेकून डोलतो. मादी तपकिरी-राखाडी असते, त्यामुळे नराची ही पांढरी पिसं लांबूनही उठून दिसतात.

नावाची पण एक गंमत. शहामृगातला 'मृग' म्हणजे हरीण नव्हे. फारसीत ह्या पक्ष्याला शुतुरमुर्ग म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. शास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावातही उंट आहेच.

आता पिसाकडे पुन्हा नीट बघा. कबुतराच्या पंखातल्या पिसाची एक बाजू अरुंद आणि एक रुंद असते. उडायला तसंच लागतं. शहामृगाच्या पिसाच्या दोन्ही बाजू सारख्या. प्राचीन इजिप्तमध्ये सत्य आणि न्यायाची देवता होती, मात. तिच्या डोक्यावर शहामृगाचं एकच पीस खोचलेलं असे. माणूस मेल्यावर त्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि हे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवतात, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. ज्याचं हृदय पिसापेक्षा जड भरेल, त्याची खैर नाही! न्यायाला हेच पीस का निवडलं असेल? दोन्ही बाजू समान म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही ते पटतं.

आमची पिसं आली ती औट्सहूर्न नावाच्या गावाहून. दक्षिण आफ्रिकेतलं हे गाव डोंगरांच्या मधल्या कोरड्या पठारावर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोपीवर शहामृगाचं पीस नसेल तर टोपी अपुरी वाटायची. १८६९ मध्ये आर्थर डग्लस नावाच्या शेतकऱ्यानं शहामृगाची अंडी उबवायचं यंत्र तयार केलं, आणि मग शेतांमध्ये शहामृगांचे कळपच्या कळप वाढू लागले. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बाहेर जाणाऱ्या मालात सोनं, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल चौथा नंबर पिसांचा होता! पिसांच्या पैशांवर बांधलेल्या हवेल्या औट्सहूर्नमध्ये अजून उभ्या आहेत. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, मोटारगाड्यांत त्या भल्यामोठ्या टोप्या घालून बसणं जमेना, फॅशन पालटली, आणि पिसांचे भाव कोसळले.

त्या काळी टोप्यांसाठी बगळ्यांचीही पिसं लागत. ती सर्वांत सुंदर असतात विणीच्या दिवसांत, म्हणून नेमके तेव्हाच बगळे मारले जात आणि घरट्यातली पिल्लं भुकेनं मरत. शहामृगाचं पीस घ्यायला मात्र पक्षी मारावा लागत नाही. वाढणाऱ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं, तोवर शहाणा शेतकरी त्याला हात लावत नाही. पीस पिकलं की देठ वाळतो. मग तो कापला तर दुखत नाही, आपण नखं कापतो तसं. कातडीत राहिलेला बुडखा महिना-दोन महिन्यांनी निघतो आणि तिथे नवं पीस येतं.

पण ह्या पिसांच्या कहाणीतला एक भाग मला खटकतो आणि तो तुम्हाला सांगायलाच हवा. तेव्हा 'विलो' नावाच्या लांब, झुलत्या पिसांची फॅशन होती. पिसाचा एकेक तंतू आखूड पडतो म्हणून त्याला दुसरा तंतू गाठ मारून जोडायचा. केसाएवढ्या बारीक तंतूला गाठ, अशा हजारो गाठी. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये हे काम बायका करत आणि त्यांच्या शेजारी बसून तुमच्याहून लहान मुलं करत. लुईस हाइन नावाच्या छायाचित्रकारानं १९११ च्या सुमारास त्यांचे फोटो काढले. मुलांना कामाला जुंपू नये म्हणून झगडणाऱ्या समितीसाठी तो फिरत होता. त्या फोटोंमधल्या मुलांचे वाकलेले माथे मी विसरू शकत नाही.

बरं, पीस धुऊन झालं. आता सजवायचं.

तंतू वाकडेतिकडे झाले असतील तर वाफ द्या. उकळत्या पाण्याच्या पातेल्याशी मोठं माणूस उभं असू दे. वाफेपासून वीतभर लांब धरून दहा-वीस सेकंद हलवलं की तंतू सरळ होतात. केस ओले करून विंचरले की बसतात, त्याच कारणानं. पीस आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या पदार्थाचे, आणि केराटिन ओलाव्यानं, उष्णतेनं थोडं मऊ पडतं. टोकाला वळण हवं असेल तर बोथट पट्टीची कड आणि अंगठा यांच्यात दोन-तीन तंतू धरून हलकेच ओढा. भेटीच्या खोक्यावरची रिबिन कात्रीनं कुरळी करतात ना, तसंच.

रंग द्यायचा तर पांढरं पीसच घ्या. मोरपिसाचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा असतो. त्याच्यावर दुसरा रंग काय चढणार? पांढऱ्या पिसाचं मात्र कोऱ्या वहीसारखं आहे. गरम पाण्यात (हात घालता येईल इतपतच) एक मोठा चमचा व्हिनेगर आणि खाण्याचा रंग घाला. पीस आधी साध्या पाण्यात भिजवून मग त्यात सोडा. सोबत सुती दोराही टाका. अर्ध्या तासानं दोन्ही धुऊन बघा. दोऱ्याचा रंग बराचसा वाहून जाईल आणि पिसाचा टिकेल. हे रंग केराटिनला धरतात, कापसाला धरत नाहीत. शहामृगाचं पीस नसेल तर कोंबडीच्या पांढऱ्या पिसावर करा. आणि कोंबडीच्या पिसाचा बुडाकडचा मऊ भाग बघायला विसरू नका. तिथेही आकड्या नाहीत.

उभं करायला उंच, चिंचोळ्या तोंडाची बाटली घ्या आणि बुडाशी वाळू भरा. पिसाचं डोकं जड, नाहीतर सगळं कलंडतं. पीस फार वाकत असेल तर देठाच्या मागून गजऱ्याची बारीक तार बांधा. निरांजनाजवळ कधीही नको, जळक्या केसांचा वास येईपर्यंत पीस संपलेलं असतं. खिडकीच्या उन्हात रंग उडतो. आणि स्वयंपाकघरापासून लांबच ठेवा. फोडणीच्या धुराच्या तेलकट थरावर धूळ बसली की आंघोळीनंही निघत नाही. पावसाळ्यात पीस कागदात गुंडाळून खोक्यात आडवं ठेवावं. दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये कोंडलं तर बुरशी धरते.

दुसऱ्या पिसाचं काय झालं, ते अजून सांगितलंच नाही. ते पाण्यात घालण्याआधी उजेडात धरलं तर बुडाशी तंतूच नव्हते. नुसता देठ, आणि त्याला चिकटलेली एक तपकिरी, केसाळ अळी, तांदळाच्या दाण्याहून लहान. पिसाला कसर लागली होती. आजीच्या लोकरी शालीला लागते, तीच जात. केराटिन पचवणारे जीव जगात थोडे आहेत, आणि त्यातले काही आपल्या कपाटांत राहतात.

अळीचा राग आला, पण ह्या मंडळींनी राजांनाही सोडलेलं नाही. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर नावाच्या पुरातत्त्वज्ञाला इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर सापडली. तिथे सोन्यानं मढवलेला एक पंखा होता. त्याच्यावर रथातून शहामृगांची शिकार करणारा राजा कोरला आहे, सोबत त्याचा कुत्राही. पंख्याला पांढरी आणि तपकिरी अशी तीस पिसं आळीपाळीनं लावलेली होती. सोनं तीन हजार वर्षांनंतरही झळकत होतं. पिसं मात्र किड्यांनी फस्त केली होती.

आणि आता आपल्याकडचं. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले, आणि रेघारेघांची नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडाही. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा! म्हणजे शहामृग आपल्याकडेही होते. राजस्थान आणि मध्य प्रदेशात सापडलेल्या कवचांमधला डीएनए हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि २०१७ मध्ये सांगितलं, की हे आफ्रिकेतल्या शहामृगांचेच भाईबंद. ज्या माणसांनी कवच घासून, भोक पाडून एवढेसे मणी केले, त्यांनी माळावर पडलेलं ते मऊ पीस उचललं नसेल? एखाद्या मुलीनं केसांत खोचलं नसेल? कवच दगडासारखं, ते राहिलं. पिसांचा मात्र एक तंतूही उरलेला नाही.

आमचं दुसरं पीस सध्या फ्रीझरमध्ये आहे. घट्ट बांधलेल्या पिशवीत, मटारांच्या शेजारी. दोन आठवडे कडक थंडीत राहिलं की अळ्या आणि अंडी मरतात. संग्रहालयांतही हीच युक्ती करतात. लवंगा किंवा कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी खोक्यात ठेवली तर वासानं कसर लांब राहते म्हणतात, पण आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंडगार पिसावर दव धरतं. घरातल्या हवेइतकी कोमट होईपर्यंत थांबायचं. भाचीनं फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी लावली आहे: 'आत पीस आहे. अजून नऊ दिवस.'