आईने शपथ घेतली, लेकरांचे काय?

मागच्या महिन्यात हर्सूलला आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक आजी जागच्या उठेनात. त्यांची लेक अमेरिकेत असते. तिने तिथले नागरिकत्व घेतले. फोनवर ती म्हणाली, "माय, धाकटी माझ्यासोबतच अमेरिकेची झाली, थोरला मात्र भारताचाच राहिला." एका आईची दोन लेकरं दोन देशांची कशी, हे आजींना कळेना. त्यात भावकीतून निरोप आला, की लेक परदेशी झाली, आता तिचा जमिनीवर हक्क नाही, हक्कसोड करून टाका. आजींची झोप उडाली. आम्ही माहिती काढली. लेकीसुना परदेशी असलेल्या सगळ्यांच्याच ती कामाची आहे.

अमेरिकेत मुलांच्या नागरिकत्वाचा कायदा २००० साली झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्यात तीन अटी आहेत. पहिली, आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण तिथला नागरिक हवा. दुसरी, मुलाकडे ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना हवा. तिसरी, मूल अमेरिकेत त्याच पालकाजवळ राहत असावे आणि त्याचा कायदेशीर ताबाही त्या पालकाकडे असावा. मूल १८ वर्षांचे होण्याआधी या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या, की ते त्या दिवशी आपोआप नागरिक होते. त्याला परीक्षा नाही, शपथ नाही. फक्त पुरावा म्हणून त्याचा अमेरिकी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला काढून घ्यायचा.

आजींची नात ११ वर्षांची, म्हणून ती आईबरोबर नागरिक झाली. नातू आईच्या शपथेच्या दिवशी १९ वर्षांचा होता, म्हणून राहिला. पण त्याचे ग्रीन कार्ड कायम आहे. ते मिळून साधारण ५ वर्षे झाली, की तो स्वतः अर्ज करून, परीक्षा आणि शपथ देऊन नागरिक होऊ शकतो.

मैत्रिणींनो, ताब्याची अट नीट लक्षात घ्या. नवरा-बायको वेगळे झाले, वडील नागरिक झाले, पण मूल आणि त्याचा ताबा एकट्या आईकडे असेल, तर वडिलांमुळे ते आपोआप नागरिक होत नाही. आई नागरिक झाली, तर होते. सावत्र बापाच्या नागरिकत्वानेही होत नाही, त्याने मूल कायद्याने दत्तक घ्यावे लागते.

आईच्या नात्याला कायद्यात नेहमीच असा मान नव्हता. आपल्याकडेच १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचे ते फक्त वडिलांकडून. आता आई भारतीय असली तरी चालते, मात्र जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षात करायची असते.

आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून लेकीचा आणि नातीचा भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर व्हिसाशिवाय येता येते, राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. "मोठी झाली की परत भारतीय होईल" असे धरून चालू नका. आई-वडिलांनी परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे त्यांचे भारतीय नागरिकत्व आपोआप गेले असेल, तर सज्ञान झाल्यावर नुसते लिहून देऊन ते परत मिळवण्याची सवलत मुलांना नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये दिला. ओसीआय कार्डावर ५ वर्षे झाली आणि भारतात १२ महिने राहणे झाले, तर सज्ञान झाल्यावर अर्ज करता येतो.

आता जमिनीचे. वारसाहक्क नागरिकत्वावर ठरत नाही. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात लेकीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि परदेशी पासपोर्टने तो जात नाही. ओसीआय कार्ड असलेल्या लेकीला किंवा नातीला शेतजमीन वारशाने मिळू शकते. बक्षीसपत्राने मात्र देता येत नाही. पुढे विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून "परदेशी झाली" या कारणाने कोणी हक्कसोड मागितली, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, लेकीलाही करू देऊ नका.

घरी काय जपायचे? नातवंडांचे जन्मदाखले, लेकीच्या लग्नाचा दाखला आणि जमा करण्याआधी काढलेली जुन्या भारतीय पासपोर्टांची झेरॉक्स. ओसीआयच्या वेळी हीच कागदपत्रे मागतात. आजींच्या पत्र्याच्या पेटीत नातीचा महानगरपालिकेचा जन्मदाखला निघाला, पण त्यावर बाळाचे नावच घातलेले नव्हते. या सोमवारी आम्ही त्यांच्यासोबत जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाणार आहोत. तुम्हीही आपली पेटी एकदा उघडून बघा.