चाकाचा तोल

उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या चाकाकडे नीट पाहा. रिमच्या कडेला बोटाच्या पेराएवढा एक राखाडी तुकडा ठोकलेला किंवा आतून चिकटवलेला दिसेल. टायरच्या दुकानात त्याला नुसते ‘वजन’ म्हणतात. हे वजन असते १०, २० किंवा ३० ग्रॅमचे. चाक मात्र चांगले १५ किलोग्रॅमच्या आसपास. मग एवढ्याशा तुकड्याने काय साधते?

कोणतेही टायर सगळीकडे सारखे जड नसते. रबर कुठे किंचित जाड, कुठे पातळ. समजा, चाकावर एके ठिकाणी ३० ग्रॅम जास्त आहेत, आसापासून १८ सेंटिमीटरवर. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धावू लागली की चाकाचा कोनीय वेग २५ भागिले ०.३, म्हणजे सुमारे ८३ रेडियन प्रति सेकंद होतो. त्याचा वर्ग करा, वस्तुमानाने आणि १८ सेंटिमीटरने गुणा. उत्तर येते सुमारे ३७ न्यूटन! म्हणजे पावणेचार किलोग्रॅमच्या ओझ्याइतका जोर सेकंदाला १३ वेळा आसाभोवती फिरत त्याला हिसके देत असतो. वेग निम्मा केला तर हा जोर पाव होतो. बैलगाडीच्या चाकाचा तोल साधण्याची कोणाला गरज भासली नाही, ती यामुळेच.

पण गंमत अशी की, पुष्कळदा स्टिअरिंग ताशी ८०च्या सुमारास थरथरते आणि वेग आणखी वाढवला की थरथर कमी होते. सूत्राप्रमाणे ती वाढायला हवी! ताशी ८० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला जवळजवळ १२ फेरे होतात. चाक आणि त्याचा आधार यांची नैसर्गिक कंप्रताही साधारण याच टापूत असते. दोन्ही जुळले की अनुनाद होतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा, तसे.

माझा एक जुना विद्यार्थी टायरच्या लहानशा दुकानात काम करतो. त्याने मला विचारले, “सर, चाक कुठेही थांबवले तरी तिथेच राहते, म्हणजे तोल बरोबर आहे. तरी यंत्र दोन आकडे का दाखवते?” वर्तुळाकार गती वर्षानुवर्षे शिकवूनही मला क्षणभर थांबावे लागले. चाकाला रुंदी असते, हे आपण फळ्यावर विसरतो. आतल्या कडेला वरच्या बाजूस २० ग्रॅम आणि बाहेरच्या कडेला खालच्या बाजूस २० ग्रॅम जास्त असतील, तर गुरुत्वमध्य आसावरच राहतो आणि स्थिर चाक निमूट उभे राहते. फिरू लागताच मात्र एक कड वर ओढली जाते, दुसरी खाली. हे बलयुग्म चाकाला डुलवते. म्हणून आतल्या कडेसाठी एक आकडा, बाहेरच्या कडेसाठी दुसरा. यंत्राच्या दांड्याखालचे संवेदक धक्का किती आणि कोणत्या क्षणी बसला ते मोजतात. रिमचा व्यास आणि रुंदी मात्र माणसाने द्यायची. ती चुकली की उत्तर चुकले.

ही वजने शिशाची करीत, कारण शिसे जड आणि मऊ. हातोडीच्या एका ठोक्याने बसते. पण ती गळून रस्त्यावर पडतात, चाकांखाली चिरडली जातात आणि शिशाची धूळ होते. शिसे विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. युरोपीय संघाने २००५ साली मोटारींसाठी आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली शिशाच्या वजनांना बंदी केली. तेथे आता पोलाद व जस्त वापरतात. घनता कमी म्हणून तुकडा थोडा मोठा, इतकेच. आपल्या दुकानदाराला कोणती वजने वापरतो ते जरूर विचारा. शिशाची असतील, तर तीच बोटे न धुता चहा-बिस्किटाला लागतात का तेही पाहा. माझ्या विद्यार्थ्याची लागत होती.

घरी करून पाहायचे असेल तर सायकल उलटी ठेवा. ब्रेक घासत नाही याची खात्री करून पुढचे चाक हळूच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. चार-पाच वेळा करा. प्रत्येक वेळी एकच भाग खाली येतो ना? त्याच्या बरोबर समोर आऱ्याला थोडी ओली माती चिकटवा, आणि चाक वाटेल तेथे थांबू लागेपर्यंत ती कमीजास्त करा. मग माती काढून तराजूत तोला. तोलण्याआधी ती किती ग्रॅम भरेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवा.